फिलूबायचं सतमानतां

फिलूबाय तोंडात टाचण्या धरून गायची. सात-आठ टाचण्या ओठांत, समोर गणवेशाचं माप द्यायला आलेलं एखादं पोर ताठ उभं, आणि नाकातून रविवारच्या कंताराची चाल चाललेली. कंतार म्हणजे आमच्या इगर्जीत, चर्चमध्ये, म्हणायचं भक्तिगीत. टाचण्यांमुळे शब्द बाहेर पडत नसत, पण सूर एकही चुकत नसे. पोर मध्येच हललं तर ती गाणं न थांबवता त्याच्या टाळक्यावर टेप आपटायची. तीही तालात.

मालवणच्या किनाऱ्याला आमची किरिस्तांवांची लहानशी वाडी आहे. मधोमध इगर्ज आणि तिच्या पायऱ्यांसमोर फिलूबायचं घर. सोमवार ते शनिवार ती पडवीतल्या शिलाई मशिनवर बसायची आणि रविवारी इगर्जीतल्या पायपेटीवर. दोन्ही पायांनीच चालत असल्यामुळे तिला फारसा फरक पडत नसावा. लग्न तिने केलं नाही. धाकटी बहीण गेली तेव्हा मागे राहिलेली तीन वर्षांची रोझी हिनेच वाढवली. इगर्जीतला कोर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, तिच्या हाताखाली होता, आणि रविवारी मुलांना धर्माचे पाठही तीच द्यायची.

मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिला अरेतुरेच करायचो. आमच्या मालवणीत आदर सर्वनामात नसतो, आवाजात असतो. आणि आवाजाच्या बाबतीत मी पहिल्यापासून कच्चा.

कोरात मी का शिरलो याचं खरं कारण आता सांगायला हरकत नाही. त्या काळी आमच्या इगर्जीत एकच पंखा चालायचा आणि तो कोराच्या बाकांवर होता. मी नुकताच कट्ट्याच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो होतो. माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाला कोर नाही म्हणणार नाही, अशी माझी खात्री होती. फिलूबायने मला पडवीत उभं करून एक ओळ म्हणायला लावली. मी म्हटली. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशिनच्या गादीत टोचून ठेवल्या.

"इनासा," ती म्हणाली, "गळो देव देता, कान पण देवच देता. तुझे दोनय खंयतरी वाटेत पडले रे."

मी निघालो, तर तिने परत बोलावलं. आमची जुनी कंतारं गोव्याकडच्या पुस्तकांतली, कोंकणी भाषेत पण रोमन लिपीत छापलेली. वाडीतली मुलं सगळी मराठी शाळेत जाणारी. त्यांच्यासाठी ती कुणीतरी देवनागरीत उतरवून द्यायला हवी होती. "तुझां अक्षर बरां आसा. तू लिवन दी," ती म्हणाली. "आणि रविवारी मागच्या रांगेत उभो रव. फकत तोंड हलय."

मी तोंड हलवलं. वीस वर्षं. ते इतकं मन लावून हलवत असे, की आमच्या वाडीतला कायतानमामा, रापणीची जाळी ओढणारा म्हातारा, जो रविवारची मिस, म्हणजे इगर्जीतली उपासना, अर्धी झाल्यावर येऊन शेवटच्या बाकावर बसायचा, एकदा मला पायऱ्यांवर गाठून म्हणाला, "काय गातंस रे तू! आवाज आयकाक येणा नाय, पण भाव दिसता."

वह्या लिहून देण्याच्या कामातही मी माझी करामत दाखवलीच. एका कंतारात 'मोग' हा शब्द होता. मोग म्हणजे प्रेम. साधा, दोन अक्षरांचा, वाडीतल्या प्रत्येकाच्या तोंडातला शब्द. मराठीच्या शिक्षकाला तो ओबडधोबड वाटला. मी कुणालाही न विचारता त्या जागी 'प्रीतिभाव' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. भाषेची मी आजवर केलेली ही एकमेव सेवा. इगर्जीच्या वार्षिक सणाच्या, फेस्ताच्या दिवशी, गोव्यापासूनचे पाहुणे बसलेले असताना, कोर त्या ओळीवर पोहोचला. चाल संपली आणि कोराच्या हातात दोन अक्षरं उरली. अर्धे 'भाव' म्हणत मागे राहिले, अर्धे पुढच्या ओळीत घुसले. मला एकट्याला काही त्रास झाला नाही, कारण मी तोंडच हलवत होतो. फिलूबायने पेटी थांबवली नाही. मान मागे टाकून तिने एकटीने 'मोग' असा लांबलचक सूर लावला आणि हरवलेली गुरं गोळा करावीत तसं सगळ्यांना ओळीवर आणलं.

चिडली की ती मला 'मास्तर' म्हणायची आणि 'तुमी'वर यायची. "मास्तर," मिस संपल्यावर ती म्हणाली, "तुमचां मराठी शुद्ध आसा. पण ता म्हणूक मधीच श्वास घेवचो लागता. मोग करताना माणूस श्वास घेवक थांबता काय?"

आता सतमानतांबद्दल सांगायला हवं. मिसेत एका ठिकाणी सगळे उभे राहतात आणि आपण काय मानतो ते एका आवाजात म्हणतात. देव बापाला, त्याच्या पुत्राला, मेलेले पुन्हा उठतील याला, असं एकामागून एक. त्याला चाल नाही. सुरुवात 'सत मानतां', म्हणजे खरं मानतो, अशी असल्याने वाडीत त्या अख्ख्या प्रार्थनेला सतमानतांच म्हणतात. कंतारांत मी तिच्या हुकमाने मुका होतो. सतमानतांत मात्र स्वतःच्या अकलेने मुका झालो. कॉलेजात मी चार पुस्तकं वाचली होती. त्यांचा परिणाम म्हणून आधी एक ओळ गाळू लागलो, मग तीन, आणि शेवटी पहिली ओळ आणि आमेन एवढंच उरलं. याला मी प्रामाणिकपणा म्हणत असे. म्हणजे संपूर्ण मिसेत माझा आवाज कुठेच नव्हता. मी पंख्याखाली उभा होतो एवढंच.

फिलूबाय आमच्याकडे पाठ करून पेटीवर बसायची. तरी तिला ते कळलं. एका रविवारी सगळे गेल्यावर तिने मला थांबवलं.

"कंतारात तोंड हलय म्हटलां ता सुरासाठी. सतमानतांत कित्याक गप रवतंस?"

मी कॉलेजातला चेहरा केला. "माका सगळां पटणा नाय गो. पटणा नाय ता म्हणू कसां?"

ती वाद घालेल आणि आपण तिला निरुत्तर करू, अशी तयारी मी ठेवली होती. ती पेटीवर कापड घालत होती. कापडाची कडा सारखी करत म्हणाली, "माका तरी खंय सगळां पटता?"

वाडीतल्या दोन पिढ्यांना सतमानतां पाठ करून घेणारी बाई हे म्हणत होती.

"भैण गेली त्या वर्सा एक ओळ माझ्या जिभेर येयना. मेल्ली माणसां परत उठतली, ती. सकाळी-सांजे तिचां पोर माका विचारी, आवय खंय? आणि मी हय उभी रवान काय म्हणू? तेवा माझ्या बाजूक तुझी आवय उभी रवायची. ती म्हणायची. मी तिच्या आवाजात लपान पुढे जायचंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुका जंय जमणा नाय थंय मी म्हणतंय. माका जमणा नाय थंय तू म्हण. म्हणान तर सगळ्यांनी मिळान म्हणूचां. एकट्या माणसाक अख्खां सतमानतां झेपता काय रे?"

"मग कंतारां कित्याक?" मी विचारलं. हरणाऱ्या माणसाला काहीतरी विचारावं लागतं.

"सतमानतां कापड, कंतार शिवण. नुसत्या कापडान आंग झाकणा नाय, आणि नुसती शिवण घालून खंय जातलंस?"

हे वाक्य मी घरी जाऊन लिहून ठेवलं आणि पुढे कुडाळच्या एका सभेत स्वतःचं म्हणून वापरलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारपासून मी सगळं सतमानतां म्हणू लागलो, असं इथे लिहिता आलं असतं तर शोभलं असतं. मी दोन ओळी वाढवल्या.

दोन वर्षांपूर्वी, शाळा उघडण्याआधीच्या गणवेशांच्या घाईत, फिलूबाय मशिनवर बसल्या बसल्या उजवीकडे कलंडली. रोझी तेव्हा गोव्यात नर्स होती. तिने धावत येऊन तिला तिकडच्या इस्पितळात नेलं. महिन्याने परत आणली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द गेले होते. एकच उरला होता: बटन.

चहा हवा असला की 'बटन'. खिडकी लावायची असली की 'बटन'. रोझी रडायला लागली की डाव्या हाताने तिची पाठ चोळत हळूच 'बटन, बटन'. मी रोज मुलांना समानार्थी शब्द पाठ करायला लावतो, पण एका शब्दात इतके अर्थ मावतात हे मला माहीत नव्हतं. समोरच्याचं बोलणं तिला सगळं समजत असे. आपल्या तोंडून भलताच शब्द आला हेही समजत असे. तो आला की क्षणभर ती डोळे मिटून घ्यायची. ते बघवत नसे.

तिला बोलायला शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला माणूस. आणखी कुणाची गरजच काय? प्राथमिक शाळेतून मुळाक्षरांचा तक्ता आणला आणि रोज शाळा सुटल्यावर तिच्या पडवीत तो भिंतीला लावून छडीने दाखवू लागलो. "क. कमळाचा क. म्हण." ती म्हणायची, "बटन." "ख. खटाऱ्याचा ख." "बटन." मी आवाज चढवायचो, जणू ती बहिरी होती. आठवडाभर तिने सोसलं. मग एके दिवशी डाव्या हाताने तक्ता ओढून काढला, खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

त्यानंतर मी फक्त सोबत म्हणून जायचो. कंतारांच्या जुन्या वहीला वाळवी लागली होती, ती नव्याने उतरवत बसायचो. एका दुपारी लिहिता लिहिता मी एक ओळ मोठ्याने गुणगुणलो. एरवी तिच्यासमोर ही हिंमत झाली नसती. आता ती रागावणार कशी, असा हलकट विचारही मनात असावा. मी ओळीच्या मध्यावर पोहोचलो आणि फिलूबायचा चेहरा कच्चं, आंबट बिंबल चावल्यासारखा झाला. तिने डावा हात वर केला. आणि तिच्या तोंडून ती ओळ आली. अख्खी, स्वच्छ, सगळ्या शब्दांसकट, योग्य सुरात.

माझं पेन खाली पडलं. ती स्वतःच दचकली होती. मला काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बटन." मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

रोझी धावत आली. ती म्हणाली, असं होतं. बोलणं मेंदूच्या एका बाजूला, गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला, हे डॉक्टरनीही सांगितलं होतं. "पण ती गावकच तयार नव्हती. फोनार कंतारां लावलंय, मी स्वतः म्हणान बघितलंय. ती नुसती आयकत रवायची."

यातला मुद्दा माझ्या हळूहळू लक्षात आला. चांगलं गाणं फिलूबाय ऐकत राहायची. वाईट गाणं मात्र तिला सोसवेना. ते दुरुस्त केल्याशिवाय तिच्यातली मास्तरीण गप्प बसू शकत नव्हती. रोझीचा गळा गोड होता, म्हणून ती उपयोगाची नव्हती. वाडीत या कामाला लायक असा एकच माणूस होता.

त्याच वर्षी रोझीला मुलगी झाली. नवरा आखातात, बाळाचा बाप्तिस्मा उरकला की तीही तिकडे जायची होती. फिलूबायने मादीन व्हायचं, म्हणजे बाळाला हातात घेऊन तिच्या वतीने विश्वास कबूल करायचा, हे आजाराच्या आधीपासून ठरलं होतं. आमचे फादर तरुण, वसईकडचे, समजूतदार. ते घरी येऊन म्हणाले, "फिलूबाय, मी विचारीन तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावलीत तरी पुरे. देवाला कळतं."

"बटन!" फिलूबाय कडाडली. फादरना तो नकार कळला. आम्हाला त्यामागचं वाक्यही कळलं, कारण लहानपणी आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं होतं: "सतमानतां आपल्या तोंडान म्हणूचां. मान काय, नंदीबैल पण डोलयता." तिने शेजारच्या मारीकडे बोट दाखवलं, मग बाळाकडे. तिला मादीन करा, मला नको. रोझी म्हणाली, "तू नाय तर कोण नाय," आणि बाळाला घेऊन आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज पडवीत येत राहिला.

"गावन म्हटलां तर?" मी म्हणालो. नेहमीप्रमाणे पुढचा विचार न करता. सतमानतांला चाल नव्हती, ते गद्य होतं, आणि बाप्तिस्म्याला बारा दिवस राहिले होते. फादर म्हणाले, "म्हणा की. मी प्रश्न विचारणार नाही. तुम्ही अख्खं म्हणा, आम्ही थांबू."

चाल तिने स्वतः निवडली, एका जुन्या कंताराची. ओळी कुठे लांब, कुठे आखूड. मी वाचत जायचो आणि ती डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालवून दाखवायची, इथे काप, इथे जोड. प्रत्येक ओळ मी चुकीच्या सुरात सुरू करायची, तिने तोंड वाकडं करायचं आणि ती बरोबर म्हणायची. मी मुद्दाम चुकत होतो असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मी जिवाच्या आकांताने बरोबर म्हणत होतो. अशा तऱ्हेने, अनेक वर्षं गाळलेली प्रत्येक ओळ मला दिवसातून वीस-वीसदा मोठ्याने म्हणावी लागली. ती चार पुस्तकं आठवत नव्हती असं नाही. पण मी ओळ सुरू केली नाही तर तिच्या तोंडून ती येत नव्हती, आणि माझे मतभेद मांडायची ती वेळ नव्हती.

एकाच ओळीवर ती अडायची. मेलेली माणसं परत उठतील, ती. मी सुरू करायचो, ती भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोकडे बघायची आणि गप्प बसायची. हे आजाराचं नव्हतं. मी ती ओळ एकट्यानेच पुरी करायचो, पुढच्या ओळीला ती परत यायची. बारा दिवसांत एकदाही तिने ती म्हटली नाही, आणि मी विचारलं नाही.

बाप्तिस्म्याच्या सकाळी इगर्ज भरली होती. फिलूबाय खुर्चीवर, डाव्या हाताच्या कुशीत बाळ, बाजूला रोझी, आणि खुर्चीला खेटून मी, घामाने डबडबलेला. इथे पंखा नव्हता. फादरनी मान हलवली. फिलूबायने तोंड उघडलं आणि आधी तो एकच शब्द आला. मागे एक पोरगी फिदीफिदी हसली, तिला कुणीतरी दटावलं. मी सूर लावला.

तोवर वीस वर्षं झाली होती मला कोरात, आणि वाडीने माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. फादरनी चमकून वर पाहिलं. माझ्या बायकोने खाली पाहिलं. फिलूबायने डोळे घट्ट मिटले, आणि तिचा आवाज माझ्या आवाजावर चढला. देव बापाला, आकाश आणि धरती घडवणाऱ्याला, सत मानतां. एक ओळ झाली. तिने मानेनेच मला बस्स म्हणून खुणावलं. मी थांबलो तर तीही थांबली. मग नाइलाजाने मी पुढची ओळ धरली, आणि असे आम्ही दोघं चालत राहिलो, मी पुढे ठेचकाळत, ती मागून सावरत.

ती ओळ आली. मी सुरू केली. फिलूबाय बाळाकडे बघत राहिली. त्या बाळाचं नाक तिच्या बहिणीचं होतं. माझा सूर इतका थरथरला की मलाच ओळ संपेल असं वाटेना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कायतानमामाचा घोगरा आवाज आला. गाणं नव्हे, नुसतं म्हणणं. मग मारी, मग माझी बायको, मग सगळी इगर्ज. ओळ लोकांनी पुरी केली. फिलूबाय ऐकत होती. तिचे ओठ हलले की नाही, ते मी अगदी शेजारी असूनही सांगू शकत नाही. शेवटची ओळ मात्र तिने एकटीने घेतली, माझी वाट न बघता, आणि आमेनवर इतकी लांब थांबली की बाळ जागं होऊन रडू लागलं.

त्यानंतर ती दीड वर्ष होती. रोझी आखातातून फोनवर बाळ दाखवायची आणि ही फोनवर कंतारं म्हणायची. दुपारी मी जायचो, चुकायचो, ती दुरुस्त करायची. एका सकाळी मारी चहा घेऊन गेली तर ती झोपेतच गेली होती.

फादर म्हणाले, "तुम्ही शिक्षक आहात, तिला जवळून ओळखत होता. मातीच्या आधी दोन शब्द बोला." मी रात्र घालवून तीन पानं लिहिली आणि इगर्जीत उभं राहून वाचली. त्यांत 'संगीतसाधना' होती, 'श्रद्धेची अखंड ज्योत' होती, 'समर्पित जीवन' दोनदा होतं. लोकांनी शांतपणे ऐकलं. माझा आवाज चांगला लागला होता असं मला वाटलं.

दफनभूमीतून परतताना कायतानमामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरां बोललंस रे इनासा," तो म्हणाला. "कोणाबद्दल होतां ता?"

घरी येऊन मी ती पानं पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फिलूबायही कुठे नव्हती. पानं बाजूला ठेवली आणि हे लिहायला बसलो.